तेलानं चाल बदलत नाही

ही गोष्ट सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. घरीही बोललो नाही. या अंकाच्या संपादकांनी पहिल्यांदा लेख मागितला तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनचं कारण दिलं. ऑपरेशन झालं, चांगलं दिसायला लागलं, तरी लिहिलं नाही. यंदा त्यांनी लेखासोबत ‘तुमच्या सगळ्यात चांगल्या घड्याळाचा फोटो’ मागितला आणि मी अडकलो. माझं सगळ्यात चांगलं घड्याळ कोणतं, हे पाहणाऱ्या प्रत्येकानं मला सांगितलेलं आहे. काळ्या डायलचं. त्याचा फोटो छापायचा तर त्याच्या पोटात काय होतं तेही छापलं पाहिजे.

पण आधी कामाची थोडी ओळख करून देतो, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही.

पांढुर्ण्याला बसस्टँडच्या बाजूला माझं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन सौंसरला बसायचो. अशी अडतीस वर्षं गेली. आमच्या सीमेवरच्या भागात सरकारी कागद हिंदीत आणि भांडण मराठीत. घड्याळाला मात्र दोन्हीकडे ‘घडी’च म्हणतात, आणि मला सगळे ‘घडीवाले’. मोबाईल आले, लोक मनगटाऐवजी खिशात वेळ पाहू लागले, दुकान बंद झालं. धंदा संपला, तिथून छंद सुरू झाला.

छंद म्हणजे खिचडी. वेगवेगळ्या मेलेल्या घड्याळांतून भाग काढायचे आणि जुन्या धाटणीचं एक चालतं घड्याळ उभं करायचं. केस, म्हणजे बाहेरचं कवच, एकाची, डायल दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे, आतली मशीन चौथ्याची. दुकानदारीत ‘खिचडी’ ही शिवी होती. गिऱ्हाइकाला फसवून अस्सल म्हणून विकलेलं घड्याळ म्हणजे खिचडी. आता नागपूरची तरुण मुलं हौसेनं विचारत येतात, ‘काका, एक खिचडी बनवून द्या ना.’ शब्दांचंही नशीब असतं.

ही खिचडी शिजवणं वाटतं तितकं सोपं नाही. डायलच्या पाठीला दोन बारीक तारा असतात, त्यांना आम्ही पाय म्हणतो. ते पाय मशीनच्या कडेच्या दोन भोकांत जातात आणि बाजूच्या स्क्रूनं पक्के होतात. प्रत्येक जातीच्या मशीनची भोकं वेगळ्या जागी. म्हणजे डायल कितीही सुंदर असलं तरी त्याच्या पायाची मशीन मिळेपर्यंत ते डबीतच पडून राहणार. काट्यांच्या भोकांचंही तसंच. सांधेजोड करणाऱ्याचा निम्मा जन्म वाट पाहण्यात जातो. लोधीखेड्याच्या बाजारातल्या भंगारवाल्यापासून ते दुकानं मिटलेल्या घडीवाल्यांच्या पेट्यांपर्यंत मी काय काय उपसलं आहे, त्याची मोजदाद नाही.

सौंसरच्या एका निवृत्त मास्तरांनी माझ्याकडून खिचडी करून घेतली. हातात घालून पाहिली, खूश झाले, आणि विचारलं, “मंग ही कोनत्या सालची समजाची?”

म्हटलं, “काटे माझ्या लग्नाच्या आधीचे, केस लग्नानंतरची, अन् काच परवाची.”

“मंग वाढदिवस कवा करू हिचा?”

मी हसलो, पण तो प्रश्न डोक्यात राहिला. घड्याळ ‘तेच’ आहे असं कशावरून म्हणायचं? ज्यांच्याकडे मी नागपूरला काम शिकलो ते उस्ताद यावर एकच वाक्य बोलत. “डायल-केस तो कपडे है. आदमी अंदर है.” मशीन म्हणजे माणूस. कपडे बदला, माणूस तोच. उस्तादांचं हे वाक्य मी शेकडो गिऱ्हाइकांना ऐकवलं.

गिऱ्हाईकं एकेक नमुन्याची. बोरगावचे एक संत्र्यावाले भाऊ घड्याळ घेऊन आले. रोज तासभर पुढे पळायचं. त्यांनी घड्याळाला आधी लिंबू ओवाळलं होतं, मग माझ्याकडे आणलं. पाहिलं तर आतली केसासारखी बारीक कमानी, म्हणजे स्प्रिंग, स्वतःलाच चिकटून बसलेली. असं लोहचुंबकानं होतं. विचारता विचारता कळलं, भाऊ ट्रॅक्टरवर बसले की घड्याळ काढून गाण्याच्या स्पीकरवर ठेवत. स्पीकरमध्ये चुंबक असतं हे सांगितलं.

“पन मी तं भजनंच लावतो जी,” भाऊ म्हणाले.

“भजनाचाही चुंबक तोच.”

“म्हंजे देवाचं आयकून आयकून घडी पागल झाली म्हना!”

लिंबाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

असो. आता काळ्या डायलवर येतो.

एका मिटलेल्या दुकानाची पेटी घेतली होती, तिच्या तळाशी कागदात गुंडाळलेलं ते डायल निघालं. मळलेल्या काळ्या रंगाचं, आकडे अंधारात चमकणाऱ्या रंगानं भरलेले, तो रंग उतरून मधासारखा पिवळा झालेला. एकही ओरखडा नाही. मागे दोन्ही पाय शाबूत, पण जागा विचित्र. मी चाळीसएक मशीनवर ते लावून पाहिलं असेल. बसेना. त्याच्यासाठी केस जमवली, काटे जमवले. अकरा वर्षं ते सगळं एका चपट्या डबीत तयार होतं, मशीन तेवढी नव्हती. घरात नवरदेवाचे कपडे शिवून ठेवावेत आणि नवरदेव नसावा, तसं.

आमच्या कामाचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही, पण आहे. खिचडीसाठी भाग घ्यायचा तो मेलेल्या घडीतून. जित्या घडीला हात लावायचा नाही.

दुकान बंद झाल्यावरही ओळखीचे लोक दुरुस्तीला घरी येत. तशाच एका दुपारी रामाकोन्याच्या कौसल्याबाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, पांढरी साडी. मी त्यांना आधी पाहिलेलं नव्हतं.

“जय भीम भाऊ. घडीवाले तुमीच का?”

“जय भीम जी. मीच. बसा.”

त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेली स्टीलची वाटी काढली. वाटीत घड्याळ.

“वाटीसकट आणलं?”

“वाटीतच राह्यते ते. वाटीत आवाज कसा खनखनीत येते. माहे डोये गेले भाऊ, काटे दिसत नाही. मले आवाजच पुरते.”

घड्याळ त्यांच्या मालकांचं, देवाजींचं. देवाजी गावच्या शाळेत शिपाई होते, एकतीस वर्षं घंटा दिली. बदली होऊन जाताना जुन्या हेडमास्तरांनी आपल्या हातातलं घड्याळ काढून त्यांना दिलं होतं, ‘आता शाळा तुझ्या हातावर’ म्हणून. शाळेच्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा गावाचा देवाजींच्या मनगटावर भरवसा. देवाजी वारून वर्ष झालं होतं. बाई रोज सकाळी घड्याळाला चावी द्यायच्या, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर वाटीत ठेवायच्या आणि जवळ बसायच्या.

“आता संध्याकायपर्यंत बंद पडून राह्यली. यायची घडी हाय भाऊ, पाहून घ्या.”

‘यायची’ म्हणजे यांची, नवऱ्याची. नाव घ्यायचं नाही, म्हणून ‘यायची’.

आठ दिवसांनी यायला सांगितलं. त्या गेल्यावर झाकण उघडलं. दुखणं साधं होतं: आत मळ, आणि मुख्य कमानी थकलेली. अर्ध्या दिवसाचं काम. मशीन बाहेर काढली, डायल उतरवलं, आणि कडेची भोकं पाहून माझा हात थांबला. ती जागा मला पाठ होती.

त्या क्षणी माझ्या मनात लोभ नव्हता असं म्हटलं तर कोणी मानणार नाही, पण खरंच, पहिल्यांदा आलं ते कुतूहल. बसते का, एवढंच पाहू. पाहायला काय हरकत आहे? चपटी डबी उघडली. काळं डायल मशीनवर ठेवलं, बोटानं हलकं दाबलं. दोन्ही पाय आपल्या घरी जावेत तसे आत गेले. अकरा वर्षांनी. मी स्क्रू आवळले. काटे चढवून पाहू म्हटलं, चढवले. केसमध्ये कसं दिसतं ते पाहू म्हटलं, केसमध्ये घातलं. मशीन धुतली, तेल दिलं, नवी कमानी टाकली. चालू झाली. मी संध्याकाळपर्यंत ते घड्याळ नुसतं पाहत बसलो. दुसऱ्या दिवशीही. ‘उद्या काढू’ असं रोज म्हणत होतो. सातव्या दिवशी कळलं की मी काढणार नाही.

मग बाईंच्या केसमध्ये दुसरी मशीन बसवली. नंतरच्या काळातली, निरोगी, वेळेला खरंतर जास्त पक्की. ‘बाईंचं भलंच होतंय’ हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं ते आठवत नाही. त्यांच्या डायलचे पाय या मशीनला जुळत नव्हते. मी ते कटरनं कापले आणि डायल चिकटपट्टीच्या ठिपक्यांवर चिकटवलं. काट्यांची भोकं जरा मोठी केली. पाय कापणं हे आमच्यात शेवटचं काम मानतात. कापले की ते डायल आपल्या मूळ मशीनवर पुन्हा उभं राहत नाही.

दुरुस्ती झाली की आम्ही झाकणाच्या आत सुईनं आपली खूण आणि तारीख कोरतो. जुन्या घड्याळात अशा पाच-सहा खुणा असतात, पाच-सहा कारागिरांच्या. माझी खूण छोटा त्रिकोण. त्या दिवशी मी खूण कोरली नाही.

बाई आल्या, घड्याळ कानाला लावलं, वाटीत ठेवलं, घेऊन गेल्या. महिन्याभरानं परत आल्या.

“बंद पडलं का?” मी विचारलं.

“बंद नाही पडली. पन भाऊ, हिची चाल बदलली.”

“म्हणजे?”

“पह्यले कशी, मानूस वावरातून घराकडे येते तशी चालत चालत ये. आता धावून राह्यली. यायची घडी अशी नोती बोलत.”

वाचकांना सांगतो, बाईंनी काय ओळखलं होतं ते. जुनी मशीन सेकंदाला पाच ठोके देते. मी बसवलेली सहा देते. पाच आणि सहा. शिकलेल्या कारागिरालाही नुसत्या कानानं हा फरक सांगायला वेळ लागतो, आम्ही त्यासाठी यंत्र लावतो. या बाईंनी वाटीत ऐकून सांगितला. त्या वेळी खरं बोललो असतो तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मी म्हणालो,

“साफ केली ना जी. नवीन तेल दिलं. तेलानं आवाज बदलतो.”

तेलानं आवाज बदलतो हे खरं आहे. घाण निघाली की टिकटिक कोरडी, स्वच्छ येते. पण तेलानं चाल बदलत नाही. ठोके ठरलेले असतात, ते मशीन ठरवते, तेल नाही. अर्धं खरं बोलण्याची सोय आमच्या धंद्यात फार, कारण गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही.

बाईंनी घड्याळ पुन्हा कानाला लावलं. मग म्हणाल्या, “तुमी म्हनता तं तसंच असन. माह्याच कानाचं काही झालं असन.”

त्या गेल्या.

पुढची चार वर्षं काळ्या डायलच्या घड्याळानं मला नाव मिळवून दिलं. नागपूरच्या एका तरुणानं त्याचे फोटो काढून आपल्या मित्रांना पाठवले. कुठून कुठून फोन येऊ लागले. “काका, आत काय टाकलं?” प्रत्येकाला सांगायचो, “एक पडलेली मशीन होती जुनी.” पडलेली! मी ते घड्याळ विकलं नाही; पण घातलंही नाही. घातलं की ठोके मोजायला लागायचो. पाच, पाच, पाच.

मग एक दिवस ठरवलं की परत करायचं. पण परत करायचं म्हणजे नुसती मशीन देऊन चालत नव्हतं, बाईंच्या डायलला पाय नव्हते. पाय नव्यानं जोडता येतात का? जुने लोक म्हणत, नाही. पाठीमागून झाळण, म्हणजे सांधायचा धातू, वितळवला की उष्णतेनं समोरचा रंग जळतो, फोड येतात. मला तेव्हा त्यातही कुतूहल वाटू लागलं, याची आज लाज वाटते आणि थोडा अभिमानही. मी टाकाऊ डायलं जमवली आणि सराव सुरू केला. समोरची बाजू ओल्या कापडावर ठेवून पाहिली, ओल्या मातीवर ठेवून पाहिली. लवकर वितळणारं झाळण शोधलं. पहिली वीसएक डायलं जळाली. बायको म्हणाली, “पापड भाजून राह्यले का?” पुढे पुढे डाग कमी येऊ लागले. वर्षभरात ओळीनं दहा डायलांना पाय बसले, समोर एक ठिपकाही न उमटता. पांढुर्णा-सौंसर भागात हे काम दुसरं कोणी करत असेल असं मला वाटत नाही. चोरीनं मला हा हुन्नर शिकवला.

काळ्या डायलचं घड्याळ खोललं, मशीन काढली, डबीत ठेवली आणि रामाकोन्याला गेलो. रस्ताभर वाक्य घोकत होतो. घर सापडलं. बाई दारातच बसल्या होत्या, तूर निवडत, हातानं चाचपून. आवाजावरून ओळखलं.

“घडीवाले भाऊ! याजी, याजी. इकडं कसे?”

शेजारणीला हाक मारून सांगितलं, “अवो, हेच ते, यायची घडी जिती ठेवनारे.” शेजारीण पाहायला आली. चहा झाला. आत फोटोंसमोर वाटी दिसत होती. सहा ठोके इथपर्यंत ऐकू येत होते.

घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं, आणि शेजारीण समोर उभी. मी म्हणालो, “इकडे आलोच होतो. म्हटलं घडीची एकदा सर्व्हिसिंग करून देऊ. आठ दिवसांत आणून देतो.”

बाईंचा निवडणारा हात थांबला.

“नोका भाऊ. राग नोका मानू, पन आता हात नोका लावू हिले. मांगच्या वक्ती तुमी तेल देल्लं अन् चाल बदलली. मले वाटलं कानच गेले माहे. सौंसरले डाक्टरले दाखवले कान, दोनदा. तो म्हने, आजी, कान चांगले हाय. मंग मले वाटे, डोस्क्याचं काही असन. यायचा आवाज मी इसरून राह्यली का, असं वाटे.” त्यांचे हात पुन्हा तुरीकडे वळले. “लय दिवस झोप नोती. आता जुयलं हिच्यासंग. आता जे हाय ते राहू द्या.”

शेजारीण म्हणाली, “म्हातारीचं मन हाय जी.”

खिशात डबी होती. त्यात देवाजींची मशीन. आणि मी म्हणालो, “बरं जी. जशी तुमची मर्जी.” एवढंच. मी चोर आहे एवढं म्हणालो असतो तर त्यांनी घड्याळ उचलून माझ्या हातात दिलं असतं. त्यांनी नकार दिला तो सर्व्हिसिंगला. कबुलीला नकार द्यायला मी त्यांना कबुली दिलीच नव्हती.

पुन्हा जायचं ठरवलं. संत्र्यांचा मोसम जाऊ दे, ऊन उतरू दे, असं करत गेलो. शेवटी गेलो तेव्हा अंगणात सतरंज्या होत्या आणि बाई जाऊन पाच दिवस झाले होते.

त्यांची मुलगी सुनंदा लोधीखेड्याला अंगणवाडीत काम करते. वाटी आणि घड्याळ ती घेऊन गेली. मागच्या महिन्यात, हा लेख लिहायला घेण्याआधी, मी तिच्याकडे गेलो आणि डबी तिच्यासमोर उघडून सगळं सांगितलं. न थांबता, न सजवता, पाच आणि सहा ठोक्यांसकट. ती उभ्यानंच ऐकत होती. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिनं घड्याळ आणून माझ्यासमोर ठेवलं, पाय जोडून दे म्हणाली, मशीन बसवून दे म्हणाली. ते काम आता झालं आहे, मोठी केलेली काट्यांची भोकंही दाबून पुन्हा जुळवली आहेत, देवाजींचं घड्याळ पुन्हा देवाजींच्या चालीनं चालतं आहे आणि झाकणाच्या आत माझा त्रिकोण आहे. काळं डायल रिकामं पडलं आहे. संपादकांना मी त्या रिकाम्या डायलचाच फोटो पाठवला आहे.

पण त्या दिवशी निघताना सुनंदा दारापर्यंत आली आणि म्हणाली, “मले सांगून काय फायदा काका? मायले सांगाचं होतं.”

मायला सांगायचं होतं ते हे. कौसल्याबाई, मी तुमची घडी चोरली आणि वर तुमच्याशी खोटं बोललो. तुमचे कान चांगले होते जी. तुमचं डोकंही चांगलं होतं. तुम्ही देवाजींचा आवाज एक दिवसही विसरला नव्हतात.